थट्टेत सांगितलेली ओळ

आमच्या बेटांवर आतेभाऊ-मामेभाऊ एकमेकांना ताव्हाले म्हणतात, आणि ताव्हालेशी सरळ बोलायचं नसतं, त्याची टिंगलच करायची. इसिकेली आणि व्हेरेती या दोन ताव्हालेंच्या मधल्या टेबलावर बसून माझे कान किटले होते.

सुवा शहरातल्या आमच्या कार्यालयाचं काम नद्यांवर नजर ठेवायचं. डोंगरातल्या मापकांचे आकडे सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये यायचे. तिथून एक सेवा, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ते वेबपानावर दाखवायची आणि दुसरी, पाणी चढलं की, काठच्या गावांतल्या मुखियांना फोनवर संदेश धाडायची. मग मुखिया लाकडी ढोल बडवायचा आणि गाव टेकडीवरच्या चर्चमध्ये जायचं. वाइनिबुकाच्या काठी व्हेरेतीचे वडील राहायचे, म्हणजे इसिकेलीचे मामा. पायाने अधू. ढोल वेळेवर वाजला तरच म्हातारा वर पोचणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सर्व्हर इसिकेलीच्या ताब्यात, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. व्हेरेती नंतर आलेला, पण डोक्याने तल्लख. एकदा यांगोना, म्हणजे आमचं मुळांचं गुंगीचं पेय, प्यायला बसलो असताना तो म्हणाला, "ताव्हाले, तुझी संदेशवाली सेवा अगदी तुझ्यावर गेलीय. मशीन चालू झालं की डेटाबेसच्या आधी धावत सुटते, तिकडे दार बंद दिसलं की आडवी होते. परत उठायचं नाव नाही."

"आणि तुला अजून माझी आई उठवते."

"तिच्या फाईलमध्ये एक ओळ घाल की, डेटाबेस उठल्याशिवाय हलू नकोस म्हणून. लिहिता येतं ना?"

"तुमच्या गावात शाळा निघाली की येतो शिकायला."

सगळे हसले, मीही हसले. ओळ काही पडली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी वीज गेली. जनरेटर कुरकुरत सुरू झाला तोवर सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला होता. वेबपान आलं, आकडे हलायला लागले. व्हेरेती मापक दुरुस्तीसाठी लाबासाला गेला होता. त्याचा इसिकेलीला फोन आला.

"तुझी ती आळशी उठली का रे?"

"तुझ्याआधी उठली. तू मापकाकडे बघ, लाबासाच्या पोरींकडे नको."

हसत हसत इसिकेलीने फोन ठेवला. सर्व्हरला एक आज्ञा दिली असती तर ती सेवा जिवंत आहे की मेली, तिथल्या तिथे कळलं असतं. त्याने दिली नाही. ही माणसं एकमेकांचं कधी खरं म्हणून ऐकतच नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

वाइनिबुकाचा आकडा पिवळा झाला, मग लाल. आम्ही बघत होतो. "मामा चर्चमध्ये बसून चहा मागत असेल," इसिकेली म्हणाला.

पाऊस वर डोंगरात होता, गावात ऊन पडलं होतं. मुखियाचा फोन आला तेव्हा पाणी घरांत शिरलेलं. तो ओरडून विचारत होता, "संदेश का नाही आला?" ज्यांना पळता येत होतं ते पळाले होते.

इसिकेलीने तेव्हा आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं: सेवा बंद, मशीन चालू झाल्यापासून बंद. त्याने ती हाताने सुरू केली. डेटाबेस कधीचा उठलेला होता, त्यामुळे ती लगेच चालली आणि तुंबलेले सगळे इशारे एकदम गेले.

म्हातारा दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

इसिकेली माफी मागायला देवमाशाचा दात घेऊन गुडघ्यांवर रांगत मामाच्या घरात गेला. वडीलधाऱ्यांनी माफी स्वीकारली. व्हेरेतीनेही दाताला हात लावला. रीतीप्रमाणे तिथे सगळं मिटलं.

व्हेरेती कामावर परतला तेव्हा इसिकेलीने न मागता सर्व्हर त्याच्या हवाली केला. व्हेरेतीने ती ओळ घातली, मशीन मुद्दाम बंद करून चालू केलं, सगळ्या सेवा क्रमाने उठल्याचं तपासलं.

"झालं," तो म्हणाला. "आता डेटाबेसची वाट बघते. नाही मिळाला तर पुन्हा प्रयत्न करते."

"माझ्यापेक्षा शहाणी निघाली की," इसिकेली म्हणाला.

व्हेरेतीने मान हलवली. "उद्या बाकीच्या सेवांचंही बघून घेऊ."

"ताव्हाले, एक शिवी तरी दे रे मला."

"सकाळी लवकर ये," व्हेरेती शांतपणे म्हणाला, "म्हणजे दुपारपर्यंत संपेल."