पाइपात राहिलेला दाब

सकाळचे साडेसात वाजले होते आणि नानांचं डोकं तापलं होतं. छपरं धुण्याच्या कामावर निघायचं म्हणजे आधी अर्धा तास सामान जोडण्यात जातो, यात त्यांना काही नवीन नव्हतं. टाकी भरायची, टाकीपासून पंपापर्यंतचा जाड पाइप बसवायचा, त्याच्या तोंडाची जाळी मोकळी आहे ना ते बघायचं, पंपातली हवा काढायची, मग साठ मीटरचा लांब पाइप रिळावरून उलगडून टोकाची फवारणीची गन तपासायची. बावीस वर्षं हेच केलेला माणूस. पण पाइपाला तीन ठिकाणी पीळ, जाळीत शेवाळाचा लगदा आणि गनवर वाळलेला चिखल अशा अवस्थेत सामान पुढ्यात आलं, की अर्ध्या तासाचा सव्वा तास होतो. आणि हे एक दिवसाआड होत होतं!

कंपनीत टोळ्या दोन आणि पंप एकच. एक दिवस पंप नानांच्या टोळीकडे, दुसऱ्या दिवशी लंबूच्या. ज्यांच्याकडे पंप नाही त्यांनी पन्हळी साफ करायच्या, ब्रशने शेवाळ खरवडायचं. लंबू हा दुसऱ्या टोळीचा मुकादम. गोदामातल्या ट्यूबलाइटवरची जळमटं तो स्टुलाशिवाय काढायचा, म्हणून लंबू. नानांच्या मते देवाने त्याला उंची देताना बाकी सगळ्यात काटकसर केली होती.

नानांनी मालकाकडे तक्रार केली. मालकाने दोघांनी आपसात मिटवा म्हणून सांगितलं आणि भिंतीवर एक कागद चिकटवला : ‘वापर झाल्यावर सामान स्वच्छ ठेवावे.’ आठ दिवसांत तो कागदच चिखलाने माखला. घरी नाना रोज रात्री जेवताना लंबूच्या नावाने खडे फोडायचे. शेवटी बायको वैतागून म्हणाली, की लंबूला एकदा खरंच जेवायला बोलवा, नाहीतरी तो रोज आपल्या पंगतीला असतोच.

एक गोष्ट मात्र नाना बायकोला सांगत नसत. सामान धुऊन ठेवणं त्यांनीही केव्हाच सोडलं होतं. आधी ते इमानदारीत सगळं स्वच्छ करायचे. मग एक दिवस मनात आलं, मीच का? त्या दिवशी जाळी तशीच राहिली. पुढे पाइप धुणंही बंद झालं. सुरुवात कुणी केली याचा हिशेब आता दोघांनाही लागला नसता, पण दोघांचीही खात्री होती की ती समोरच्याने केली.

त्या बुधवारी तर कहर झाला. जाळी इतकी तुंबली होती, की छपरावर चढल्यावर पंप दोनदा बंद पडला. घरमालकीण खाली उभी राहून घड्याळ बघत होती आणि नाना वरून माफी मागत होते. संध्याकाळी गोदामात परतले तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं : उद्या लंबूला इंगा दाखवायचा.

काम संपल्यावर पाइपातलं शेवाळ मारायचं औषध साध्या पाण्याने धुऊन काढायचं असतं. ते डोळ्यांत गेलं तर वाईट. पंप बंद केल्यावर गनचा खटका दाबून पाइपात कोंडलेला दाबही सोडायचा असतो. त्याला एक क्षण लागतो. नानांनी औषध धुतलं नाही आणि तो एक क्षणही दिला नाही. वर त्यांनी पाइप उलटा गुंडाळला. एरवी गन रिळाच्या बाहेर राहील असा गुंडाळतात. नानांनी गनचं टोक आधी आत घातलं आणि सगळे साठ मीटर तिच्यावर चढवले. आता गन हवी असेल तर लंबूने अख्खा पाइप उलगडावा! नाना शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लंबूची फजिती बघायला ते मुद्दाम लवकर आले. पण फाटकातून आत शिरतात तो नळाखाली आक्का बसलेल्या आणि लंबू त्यांच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरून उभा. आक्का म्हणजे कंपनीचं स्टोअर सांभाळणाऱ्या साठीच्या बाई. वॉशर, हातमोजे, जोड, सगळं त्यांच्या ताब्यात. चेहऱ्याची डावी बाजू लालभडक झालेली, बाहीवर औषधाचे पांढरे डाग पडलेले.

“पंपापाशी काय करत होत्या ह्या?” नानांनी विचारलं.

“मलाही आत्ताच कळलं,” लंबू म्हणाला. “रोज साडेसहाला येतात आणि आपण टाकलेला पाइप आतून धुऊन ठेवतात. दोन वर्षं झाली.”

नानांच्या पाळीला सकाळी पाइप मळलेला, पिळलेला असायचा हे खरं, पण त्यातून औषध कधी आलं नव्हतं. ते कुणी काढलं, हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि डोळा कितपत वाचेल ते तीन दिवसांनी सांगता येईल असं म्हटलं. नाना खाटेशेजारी बसले. आक्का रोज आधी गनचा खटका दाबून दाब सोडायच्या. आज गन सापडेना. औषधाने भरलेला पाइप जड होता, उलगडता येईना, म्हणून त्यांनी पंपाकडचा जोड सोडवला आणि सगळं औषध सणकन तोंडावर आलं. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की नानांना त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ते मी केलं, आक्का,” नाना म्हणाले. “लंबूसाठी केलं होतं.”

“ठाऊक आहे. तुझ्या हातचं गुंडाळणं मी ओळखते.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तू येऊन म्हणायचास, लंबूला अक्कल नाही. दुसऱ्या दिवशी लंबू येऊन म्हणायचा, नानाला अक्कल नाही. शब्दसुद्धा तेच! औषध भरलेला पाइप घेऊन तुम्ही छपरावर चढाल, त्यापेक्षा आपणच धुतलेलं बरं, असं वाटलं मला. चुकलंच माझं. मी गुपचूप निस्तरत राहिले, म्हणून तुम्हाला आपली घाण अर्धीच दिसत राहिली. तू लंबूवर राग काढलास ना? पण लंबू तिथे नव्हताच, नाना. तिथे मी होते.”

नानांना मान वर करवेना. दारात लंबू उभा होता. तो आत आला आणि म्हणाला, “ह्याला एकट्याला नका बोलू, आक्का. काल पंप माझ्याकडे असता, तर मीसुद्धा असंच काहीतरी करून गेलो असतो.”

डोळा वाचला. पण नजर अंधूक झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा सुधारणार नाही. नानांनी मालकापुढे जाऊन सगळं कबूल केलं.

यानंतर दोन्ही टोळ्या एकदम सुधारल्या असं सांगायला मला आवडलं असतं. लंबू पंधरा दिवस नीट वागला आणि सोळाव्या दिवशी जाळी पुन्हा तुंबलेली निघाली. नाना भडकले, बडबडले, जाळी धुतली आणि कामाला गेले. संध्याकाळी मात्र त्यांनी पाइपातून पाणी स्वच्छ येईपर्यंत पंप चालवला, दाब सोडला आणि गन बाहेर ठेवून पाइप गुंडाळला. घरी बायकोने विचारलं, की तो करत नाही तर तुम्ही कशाला मरता? नाना म्हणाले, “मी लंबूसाठी करतच नाही. पुढे जो कुणी हात लावेल त्याच्यासाठी करतो.”

तुमच्या-माझ्या आयुष्यातही असा एखादा पाइप असतोच. कचेरीतल्या छपाईच्या यंत्रातला संपलेला कागद आपण मुद्दाम भरत नाही, जिन्यातला कचरा शेजाऱ्याचा म्हणून ओलांडून जातो, आणि समोरचा सुधारला की आपणही सुधारू म्हणतो. समोरचाही तेच म्हणत असतो. पण आपण मागे ठेवून गेलेला राग नेमका त्याच्याच हाती पडेल, याची खात्री कुणी देत नाही. तो बहुतेक वेळा अशा माणसाच्या हाती पडतो, ज्याने आपलं काहीच वाकडं केलेलं नसतं. म्हणून आपल्यापुरता तो तिथेच थांबवावा, समोरच्याची वाट न बघता.

आक्का पुन्हा कामावर येतात. पूर्वी वॉशरचं माप त्या नुसतं बघून सांगायच्या. आता डबा खिडकीशी नेऊन एकेक वॉशर बोटांनी चाचपतात. मदत केलेली त्यांना खपत नाही. त्या तशा उभ्या दिसल्या, की नाना पंपाकडे जातात आणि गनचा खटका आणखी एकदा दाबून बघतात.