वडिलांकडून आलेलं

ओतशाळेतल्या अपघातानंतर आठव्या दिवशी भाऊ कामावर हजर झाला. ताईला मात्र तीन महिने उलटले तरी आपल्या क्रेनची शिडी चढता येईना. त्या दिवशी साखळी तुटली, वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं आणि खाली उभा असलेला मुकादम तिच्या डोळ्यांदेखत गेला. चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. तरी घरात पातेलं पडलं की तिला दरदरून घाम फुटायचा आणि मुकादम समोर उभा राहायचा.

"मी खाली होतो, ताई. हात माझा भाजला," भाऊ एकदा वैतागला. "तू वर केबिनमध्ये सुखरूप. आणि नाटकं तुझी?"

 ताईलाही तेच कोडं पडलं होतं.

शेवटी आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईने बराच वेळ आढेवेढे घेतले.

"हिच्या वडिलांना," ती अखेर म्हणाली. "खाणीत दरड कोसळली, दोन दिवस अडकले होते. परत आले ते निराळाच माणूस होऊन. एक दिवस घरातून निघूनच गेले. मी पोरांना सांगितलं, दुसरा संसार थाटला म्हणून. बाप वेडा होता म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे हे माझ्या रक्तातच होतं?"

"आजार नाही, थोडा कल," बाई म्हणाल्या. "तोही अनेक जनुकांचा मिळून. अपघात झाला नसता तर कदाचित जन्मभर कळलंही नसतं. भावंडांच्या वाट्याला सगळं सारखं येत नाही, आणि रक्त तपासून कुणाला होईल ते सांगता येत नाही. उपचार मात्र आहेत."

घरी आल्यावर आईने भावालाही सांगितलं. वीस वर्षं बापाला शिव्या घालणाऱ्या भावाने ती खाण कुठे आहे ते विचारून घेतलं.

उपचारांनी ताईला झोप लागू लागली. एकदा क्रेनवर चढून बघते म्हणाली. पाचव्या पायरीवर तिचे हात दांड्याला चिकटले, सुटेचनात. भाऊ मागोमाग चढला आणि तिचं एकेक पाऊल धरून त्याने तिला खाली आणलं. ती पुन्हा वर गेली नाही. गोदामात काम करू लागली.

भावाने मात्र खाणीजवळची वस्ती शोधून काढली. वडिलांचं नाव काढल्यावर तिथला एक म्हातारा म्हणाला, "तो होय? केव्हाच वारला. पावसातसुद्धा छपराखाली यायचा नाही."

भावाने हे ताईला सांगितलं. आईला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही.