सैल झाकणं

मुलांनो, उजवा हात पुढे धरा. तळवा जमिनीकडे. आता हात उलटा करून तळवा आभाळाकडे आणा, कुणी हातावर खाऊ ठेवणार असल्यासारखा. झालं? किती सोपं! आता अशी कल्पना करा, की मनगटात कुणीतरी गंजलेलं कुलूप बसवून ठेवलंय. तुम्ही जोर लावताय, खांदा वर चढतोय, कोपर बाहेर पळतंय, तोंड वाकडं होतंय, पण तळवा काही वर बघायला तयार नाही. आणि वर अशीही कल्पना करा, की तुमचं कामच मुळी दिवसभर किल्ल्या फिरवण्याचं आहे.

ही गोष्ट तशाच एका बाईची. गल्लीच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाला खेटून तिचं छोटंसं दुकान होतं. आत एक बाकडं, बाकड्याला जखडलेला लोखंडी शिकंजा, लहानमोठ्या सात कानशी आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. किल्ली घासून झाली की ती कुलपात घालायची, हलक्या हाताने फिरवायची आणि डोळे मिटायची. कुठे अडतंय ते तिला मनगटातच कळायचं. मग नेमक्या तेवढ्याच जागी कानस दोनदा फिरवायची, की कुलूप मुकाट्याने उघडायचं. सगळी गल्ली तिला किल्लीमावशी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मोठमोठ्या औषधांच्या सुया झाल्या, केस गेले आणि परत आले. "पहिल्यापेक्षा कुरळे आलेत, तेही फुकटात," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, डाव्या हाताने जड उचलायचं नाही, नाहीतर हात सुजेल. ठीक आहे, उजवा होता ना! शिवाय रोज एक गोळी, पाच वर्षं. ती गोळी गाठीला लांब ठेवते, पण हाडं जरा ठिसूळ करते. तेही ठीक. पण एका दुपारी वरच्या फळीवरचा डबा काढताना पायाखालचं स्टूल हललं, मावशी उजव्या तळव्यावर पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा उंचीवरून! तुम्ही पडला असता तर कपडे झटकून पळत सुटला असता.

सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघूनही आता तीन आठवडे झाले होते. थोडक्यात, एक हात जपायचा आणि दुसरा वळत नाही. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरे आहे. घरच्यांनी त्यात आपल्या मायेची भर घातली.

घरात मावशीचे यजमान होते. पोस्टात चाळीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठली वस्तू कुठे असावी याबद्दल फार ठाम. मावशीची मोठी बहीण, ताई, पहिल्या सुईच्या वेळी चार दिवसांसाठी म्हणून आली होती. ते चार दिवस अजून संपले नव्हते. आणि शाळा सुटल्यापासून आई कामावरून परतेपर्यंत नऊ वर्षांची नात असायची. दुकान उघडं होतं तेव्हा ती तिथल्या बाकड्यावरच अभ्यास करायची. प्रश्न विचारायचा अवकाश, की हिचं उत्तर खट्‌कन बाहेर! म्हणून आजीने तिचं नाव ठेवलं होतं खटका.

"ठेव, ठेव तो पेला खाली! मी देते," ताई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"ताई, पेला आहे हा. पाण्याची टाकी नाही."

"मनगटावर भार येतो गं."

"माशी हाकलायला हात उचलला तरी तुम्ही दोघं धावत येता. मी काय काचेची आहे?"

"हाडं तशीच झालीत, डॉक्टर म्हणाले ना," यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बरं, भांडायचं तरी कुणाशी? जो तो तिच्या भल्याचंच बोलत होता!

त्यातच मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण दुकानाची जागा मागायला आला. यजमानांना वाटलं, देऊन टाकावी. तिला आराम मिळेल. मावशीला वाटलं, आराम गेला खड्ड्यात. शेवटी दोघांत ठरलं, की सोमवारी व्यायामबाई हात मोजेल. तळवा वर वळायला लागला असेल तर दुकान मावशीचं. तसूभरही वळला नसेल तर यजमान त्या तरुणाला फोन करतील.

मावशी लगेच कबूल झाली, कारण तिला खात्री होती. व्यायामबाई म्हणजे दवाखान्यात हातापायांचे व्यायाम करून घेणारी मुलगी. तिने तीन कामं नेमून दिली होती. ओला टॉवेल पिळायचा, हातोडी मुठीत धरून हळूहळू आडवी करायची आणि घरातलं प्रत्येक झाकण उजव्या हाताने स्वतः उघडायचं. टॉवेल ताई कधीच हातात येऊ देत नसे. हातोडी यजमानांनी कुठेतरी नीट ठेवली होती, ती सापडतच नव्हती. राहिली झाकणं. आणि काय सांगू, गेल्या आठवड्यापासून झाकणं पटापट उघडत होती! साखर, मीठ, चहा, अगदी गोळ्यांची बाटलीसुद्धा. हात लावला की झाकण फिरलंच. मावशी मनातल्या मनात दुकानाचं शटर वर सरकवू लागली होती.

सोमवारी व्यायामबाईने दोन पट्ट्यांचं कोनमापक मनगटाला लावलं. पुन्हा लावलं. मग कागद बघितला.

"मावशी, गेल्या वेळेइतकाच आहे हो. एक रेघही पुढे नाही."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र कसलं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत या."

"मग पट्ट्या बिघडल्यात. अहो, मी घरातल्या सगळ्या बरण्या उघडते!"

"मग हात वळायला हवा होता." व्यायामबाई बुचकळ्यात पडली. "हाड जुळलंय, त्याची काळजी नको. पण सांध्याला काम मिळालं नाही तर तो असाच आखडून बसेल. पंधरा दिवसांनी परत या. त्यानंतर मात्र माझ्याही हातात फारसं राहणार नाही."

घरी आल्या आल्या यजमानांनी चष्मा पुसला आणि फोन उचलला.

"थांबा," मावशी म्हणाली. "साखरेची बरणी आणा इकडे. तुमच्या डोळ्यांदेखत उघडते."

ताईने यजमानांकडे बघितलं. यजमानांनी छताकडे. बरणी आली. मावशीने ती डाव्या हाताने टेबलावर धरली, उजव्या हाताने झाकण पकडलं आणि टिचकी मारावी तसं काढून दाखवलं.

"बघा!"

"पण आजी, ते उघडंच असतं," खटका म्हणाली.

"काय?"

खटकाने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण शब्द आधीच सुटला होता. मग तिने हात काढले. "ताईआजी रोज सकाळी सगळी झाकणं सैल करून ठेवते. नळ आजोबा सैल करतात. मला म्हणाले होते, आजीला सांगू नकोस. पण मग दुकान जाईल ना? मी अभ्यास कुठे करू?"

मावशी उठली. तिने मिठाची बरणी बघितली. सैल. चहाची सैल. तेलाच्या बाटलीचं बूच नुसतं वर टेकवलेलं. गोळ्यांची बाटली सैल. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता, आणि दाराची कडी, जी तुटली असं तिला सांगण्यात आलं होतं, ती यजमानांच्या खणात स्क्रूंसकट कागदात गुंडाळून ठेवलेली निघाली. शेजारी हातोडी.

"कमाल झाली!" मावशीचा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. "जिने अख्ख्या गल्लीची कुलपं लावून दिली, तिच्या घरात एक झाकण धड लागत नाही! आणि मी वेडी, मला वाटलं हात सुधारतोय!"

"तुला वाईट वाटू नये म्हणूनच..." यजमान पुटपुटले.

"मग आता काय फार बरं वाटतंय?"

"ओरड, ओरड माझ्यावर," ताई एकदम म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला. "तुझ्या पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं, तेव्हा मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. नुसती उशाशी बसून होते, मातीच्या गोळ्यासारखी. झाकण तरी सैल करता येतं ना मला!"

मावशीचं बोलायचं पुष्कळ बाकी होतं, पण समोरचं माणूस रडायला लागलं की रागाची मोठी पंचाईत होते. ती खुर्चीत बसली.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवसांत तू नुसती बसली होतीस ना, तेच मला पुरलं होतं. आताही तशीच बस. कशाला हात लावू नकोस. जमेल का तुला?"

ताईने नाक पुसलं. "बघते."

"आणि तुम्ही. पंधरा दिवस फोन करायचा नाही."

"नाही करत," यजमान म्हणाले आणि फोन खिशात घालून कडी आणि स्क्रू घेऊन न्हाणीघराकडे निघाले.

"अहो, आधी चहा होऊ दे. माझं डोकं उठलंय."

चहा झाला. बिनसाखरेचा, कारण साखर कुणी घालायची हे कुणालाच ठरवता येईना. चार कप टेबलावर वाफाळत राहिले.

तेव्हा खटका उठली. तिने साखरेची बरणी पोटाशी धरली, दात आवळले, आणि दोन्ही हातांनी झाकण असं काही घट्ट फिरवलं की तिचे कान लाल झाले. मग बरणी तिने आजीसमोर ठेवली.

मावशीने उजवा हात झाकणावर ठेवला. खांदा वर चढला. कोपर बाहेर पळालं, ते तिने परत अंगाशी ओढून घेतलं. झाकण ढिम्म हललं नाही. "आई गं," ती म्हणाली, आणि ताई खुर्चीतून अर्धी उठली.

खटकाने ताईआजीचा दंड धरून तिला खाली बसवलं. मग तीही शेजारच्या खुर्चीवर चढली. तिचेही हात शिवशिवत होते. तिने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली दाबून घेतले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.