बर्फाचा कौल

फिनलंडमधल्या वार्काउस गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात त्या शनिवारी दुपारी उभं राहायलाही जागा नव्हती. माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, भिंतीला टेकली होती, ओले कोट मांडीवर घेऊन समोरच्या पडद्याकडे बघत होती. वेलदोड्याचे पाव ताटात तसेच पडले होते आणि कॉफी निवत चालली होती. 'रौतामा'चा नवा पात्रवर्ग जाहीर होणार होता.

रौतामा हा इंटरनेटवर हजारो जणांनी एकत्र खेळायचा खेळ. त्याच्या बर्फाळ मुलखात शिरताना आपण कोण व्हायचं ते आधी ठरवायचं: लाकूडतोड्या, वैद्य, तिरंदाज. अधूनमधून कंपनी असा एखादा नवा वर्ग आणते. त्याआधी ती दोन सावल्या दाखवते आणि त्यातली एकच खरी होते. तेवढ्यावर लोक महिनाभर भांडतात. कुणाला वाटतं, हा वर्ग आला की आपलं हरणं थांबेल. कुणाला वाटतं, आता तरी आपल्याला कुणी सोबत घेईल. येतं ते बहुधा बेताचंच असतं, पण पुढच्या सावल्या दिसल्या की लोक सगळं विसरून पुन्हा आस लावून बसतात.

पडद्यावरचं धुकं सरलं आणि हातात डफ घेतलेला माणूस पुढे आला. सभागृहात कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी आपापले फोन काढले आणि येणारा वर्ग आधी सांगणाऱ्या काइकूनं पाठवून ठेवलेला संदेश उघडला. प्रत्येकाच्या फोनवर तेच होतं: डफवाला. माझ्या शेजारची बाई रडू लागली. काइकूचं भाकीत ओळीनं तिसऱ्यांदा खरं ठरलं होतं.

मग स्वतः काइकू मंचावर आला. अंगात पांढरा लोकरी सदरा, डोळे अर्धे मिटलेले. हा मनुष्य बर्फाशी बोलायचा. तळ्यावरच्या बर्फाला कान लावला की बर्फ त्याला येणारा वर्ग सांगायचा, आणि तोही स्वच्छ फिनिश भाषेत. पूर्वी तो घरोघर व्हॅक्यूम क्लीनर विकायचा. तेव्हा बर्फ त्याच्याशी बोलत असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"मी काही सांगत नाही," तो म्हणाला. "मी नुसता कान आहे. तुम्ही निवडलेले आहात म्हणून बर्फ तुमच्याशी खरं बोलला. त्याचा शब्द पोटात ठेवा. दुसऱ्याला दाखवलात तर बर्फ मुका होतो."

त्याच्यामागे पुढच्या दोन सावल्या उमटल्या. एकीच्या हातात कंदील होता, दुसरीच्या खांद्यावर जाळं. काइकूनं कंदिलाकडे बोट केलं. हा येणार, आणि हा साधा कंदीलवाला नाही, हा जागल्या आहे, असं त्यानं सांगितलं. गोठलेल्यांना तो उठवणार.

माझ्या दुसऱ्या बाजूला आह्ती बसला होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, तुओवीचा नवरा. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखली.

तुओवी कर्करोगानं गेली त्याला दोन हिवाळे झाले होते. ती आणि आह्ती जेवणं आटोपली की रौतामात शिरत. तो लाकूडतोड्या, ती वैद्य. दोघांनी मिळून तिथे तळ्याकाठी लाकडी घर बांधलं होतं. खेळायला येणं थांबलं की त्या खेळात माणसाचं पात्र असेल तिथे बर्फात गोठतं. तुओवीची वैद्य धक्क्यावर बसल्या बसल्या गोठली होती, गळ्याभोवती तिनंच निवडलेला लाल रुमाल तसाच. आह्ती रोज आपल्या लाकूडतोड्याला नेऊन तिच्या शेजारी बसवायचा. बोलायचा नाही, काही करायचा नाही. मी एकदा त्याच्या पाठीमागे उभी राहून ते पाहिलं होतं आणि तशीच घरी आले होते.

सभागृहातून परतताना तो गाडीत म्हणाला, "ती उठेल, सेया."

"उठून काय करेल? कोण चालवणार तिला?"

"ते मला नको सांगूस. उठून उभी राहिली तरी पुरे."

जागल्यासाठी काइकूनं अट घातली होती. भरल्या हातांनी येणाऱ्याला बर्फ ओळखत नाही. म्हणून जमवलेलं सगळं, दुर्मीळ कुऱ्हाडी, कातडी, औषधं, आधी त्याच्या टोळीच्या कोठारात आणून टाकायचं. आणि जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी आपलं जुनं पात्र पुसून टाकायचं, कारण जागल्या रिकाम्या जागीच जन्म घेतो. कोठारातला माल पुढे परदेशी खेळाडूंना विकला जातो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. त्यांच्या आईबापांना मात्र ते सांगून पटत नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. तीन वेळा बरोबर येणं ही मोठी गोष्ट नाही हे मला कळत होतं, पण सभागृह भरून माणसं आणि प्रत्येकाच्या फोनवर तेच बरोबर उत्तर, हे काही केल्या सुटत नव्हतं. ते सुटलं दाताच्या दवाखान्यात. तिथली मदतनीस तेल्लेर्वो माझ्या ओळखीची. माझे दात साफ करता करता तिनं आह्तीची चौकशी केली आणि मग जरा ओशाळून म्हणाली की तीही काइकूकडे होती, पण सोडलं. तिला नावाड्याचा संदेश आला होता, आणि आला डफवाला. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ होती, शिवाय आपल्यातच काही खोट असेल या लाजेनं ती गप्प बसली होती.

तोंडात नळी असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. पण खुर्चीतून उठेपर्यंत सगळं लख्ख झालं होतं.

सावल्या दोन. काइकू निम्म्या लोकांना एक कळवायचा आणि निम्म्यांना दुसरी. ज्यांचं चुकलं ते लाजून निघून जायचे. ज्यांचं बरोबर आलं त्यांचे पुन्हा दोन भाग. तीन फेऱ्यांनंतर जे उरले ते सगळे असेच, ज्यांच्यापुढे तो एकदाही चुकला नव्हता. सभागृह त्यांचंच भरलं होतं. बाकीचे घरी होते आणि शपथेनं त्यांची तोंडं बंद होती.

नुसतं सांगून भागणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी तोच चमत्कार करून बघायचं ठरवलं. वर्गातल्या मुलांना आमच्या हॉकी संघाचा निकाल सामन्याआधी चिठ्ठीत लिहून दिला: निम्म्यांना जीत, निम्म्यांना हार. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. पुढच्या सामन्याला बरोबर आलेल्यांचेच दोन भाग केले, तिसऱ्याला तसंच. शेवटी चार मुलं उरली आणि ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागली. मग मी फळ्यावर सगळी युक्ती उलगडून दाखवली. वर्ग खूप हसला. तास संपल्यावर त्या चौघांतली ईरिस मागे रेंगाळली.

"बाई, युक्ती कळली मला," ती हळूच म्हणाली. "पण शनिवारी कोण जिंकणार?"

तिला मी पुन्हा समजावलं. तिनं मान डोलावली आणि तरी उत्तराची वाट बघत उभी राहिली. मला तेव्हाच काय ते कळायला हवं होतं.

पुढच्या सभेत मी तेल्लेर्वोला घेऊन गेले. काइकूचं बोलणं संपल्यावर उठले आणि सभागृहाला सगळं सांगितलं: दोन सावल्या, दोन संदेश, गळत गेलेली माणसं, माझ्या वर्गातल्या चिठ्ठ्या. तेल्लेर्वोनं आपला फोन वर धरला. त्यावरचा नावाडी पहिल्या रांगेतल्यांनी वाचला. मला वाटलं, पोचलं.

काइकू शांतपणे तेल्लेर्वोकडे वळला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "बर्फ सगळ्यांशी खरं बोलत नाही. त्यानं तुम्हाला घेतलं नाही, एवढंच." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि या गणिताच्या बाई. बाई, तुमची बहीण आजारी होती तेव्हा तुमचं गणित कुठे होतं?"

कुणी तरी खुर्ची सरकवली. पहिल्या रांगेतल्यांनी तेल्लेर्वोकडे पाठ केली. मला चीड आली नाही, नुसतं गार वाटलं, कारण ते आह्तीनंच त्याला सांगितलेलं असणार.

आह्ती उठला. तो काइकूला काही म्हणेल असं मला वाटलं.

"सेया, खाली बस," तो म्हणाला. "माझ्या बाबतीत तो एकदाही चुकलेला नाही."

"तुझ्या बाबतीत नाही चुकला. हिच्या बाबतीत चुकला. असे किती जण घरी बसलेत ते तरी विचार."

"त्यांचं मला काय करायचंय?"

जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटताच मी त्याच्याकडे गेले. कोठारात सगळं देऊन झालं होतं. तुओवीचा लाल रुमालसुद्धा. घरातल्या सोबत्याला गोठलेल्याच्या अंगावरच्या वस्तू काढता येतात. पडद्यावर ती बोडक्या गळ्यानं धक्क्यावर बसली होती. मी खेळाचे नियम वाचून आले होते आणि ते त्याला वाचून दाखवले: गोठलेलं पात्र त्याच्या घरातला निदान एक सोबती असेपर्यंतच राहतं. तू स्वतःला पुसलंस तर तीही जाईल, घरही जाईल, आणि ते कुणालाच परत आणता येणार नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं खरं असेल, तर ती नुसतंच चित्र आहे. त्याचं खरं असेल, तर ती उद्या उठेल. मी तुझं कशासाठी खरं मानू?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं. मी त्याचा हात धरला. त्यानं तो हळुवारपणे सोडवला आणि कळ दाबली. धक्का रिकामा झाला, मग घर गेलं, मग तळ्याकाठी बर्फ तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पडद्यावरचं धुकं सरलं आणि खरोखरच कंदीलवाला आला. लोक उभे राहिले. मग कंपनीच्या माणसानं त्याचं काम सांगितलं: अंधाऱ्या भुयारात तो सोबत्यांना वाट दाखवतो. बस, एवढंच. तो कुणाला उठवत नव्हता. लोक उभेच राहिले, पुढे काही तरी असेल म्हणून.

काइकू आला नाही. सगळ्यांच्या फोनवर त्याचा शेवटचा संदेश आला. बर्फ खरं बोलला होता, कंदील आलाच. पण शपथ मोडली गेली, शब्द चारचौघांत उघडा पडला, म्हणून जागल्या वाटेतूनच परत फिरला. माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. माझ्या शेजारी रडलेली बाई जाताना फक्त एवढंच म्हणाली की तिचा भाऊही तिथे गोठलेला होता. आह्ती माझ्यापुढून निघून गेला.

पोलिसांनी माझी तक्रार घेतली. पण माल लोकांनी राजीखुशीनं दिला होता, आणि लाकूडतोड्यानं स्वतःला पुसलं तर त्याची फिर्याद कुणी करायची, हे त्यांनाही सांगता येईना. तेल्लेर्वो अजून मला भेटते. सभागृहातले बाकीचे रस्ता ओलांडून जातात.

वर्षभरानं आह्तीनं दार उघडलं, कॉफीही केली. आता तुर्कू शहरातली एक बाई सावल्या वाचते, असं त्यानं सांगितलं. दोन वेळा तिचं बरोबर आलंय. या वेळी तिनं काय कळवलंय, हे मी विचारलं. ते सांगायचं नसतं, तो म्हणाला.

हॉकीच्या चिठ्ठ्यांचा धडा मी अजून दर वर्गाला शिकवते. परीक्षेत मुलं तो बिनचूक लिहितात. लिहून झाल्यावर त्यांतले किती जण घरी जाऊन कुणाचा तरी संदेश उघडतात, मला माहीत नाही. मला फार आशा नाही. पण दुसरं काही माझ्या हातात नाही, म्हणून तुम्हालाही तेच सांगते. कुणी म्हणालं की माझं प्रत्येक वेळी खरं ठरतं, तर त्याच्याभोवती जमलेली माणसं मोजू नका. ती त्याला खराच म्हणणार. ज्यांना त्यानं दुसरंच सांगितलं होतं त्यांना शोधून काढा आणि त्यांना विचारा. आणि तुम्हीच त्यांतले एक असाल, तर लाजून घरी बसू नका. मोठ्यानं सांगा, कुणी ऐकत नसलं तरी.