नाक ओढून दाखवा

"गार लागेल हं, आजोबा," असं म्हणत सोनोग्राफीवाल्या पोरीने माझ्या उजव्या बरगडीखाली जेल थापलं. शेंबडासारखं. किळस आली. खाटेवरचा कागद आधीच कुणाच्या तरी घामाने चुरगळलेला होता आणि मशीनच्या वायरवर वाळलेल्या जेलचे पापुद्रे धरले होते.

माझा मुलगा भिंतीपाशी उभा होता, पण न टेकता. उतारवयात श्वासाचे स्नायू झिजतात, ते सोनोग्राफीत कळतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. खाली खिडकीवर माझं नाव सांगताना म्हणाला, "बाबांचं तरी वेळेवर करून घेऊ."

ते 'तरी' मला बरोबर ऐकू आलं. त्याची आई जाऊन वर्षही झालेलं नाही.

"हा बघा तुमचा पडदा," पोरीने मशीनवरच्या एका पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "छाती आणि पोट यांच्यामधला. श्वास घेतला की खाली सरकतो. आता तोंड मिटा आणि नाक जोरात ओढा. सुर्रकन."

मी ओढलं.

"छे, हे तर अत्तर हुंगल्यासारखं झालं! रडून झाल्यावर ओढतो ना, तसं."

"सवय नाही."

"घ्या! पक्के आहात की."

"हा पडदा बिघडला तर काय होतं?" मी विचारलं.

"निकामी झाला तर नाक ओढल्यावर उलटा जातो, खाली जायच्या ऐवजी वर. दोन्ही बाजूंचा गेला तर माणसाला आडवं पडवत नाही. श्वास घेताना पोट फुगायचं सोडून आत जातं."

माझी बायको शेवटी शेवटी खुर्चीत बसूनच झोपायची. पाठीशी उशा. "पहारेकऱ्याची नोकरी लागली मला, पगार तेवढा नाही," म्हणायची. श्वास घेताना पोट आत जातं, हे तिने मोठ्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरात काही ताण?" आणि मन रमवायला सांगितलं. परत येताना गाडीत हाच मुलगा म्हणाला, "आई, तुझं जरा जास्तच असतं." त्यानंतर तिने कुणाला काही सांगितलं नाही.

"माझ्या बायकोला असंच व्हायचं," मी म्हणालो. "ह्यात दिसलं असतं?"

"बाबा, आता कशाला ते?" मुलगा पुटपुटला.

पोरीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिसलं असतं. थोड्या वेळाचं काम आहे. बऱ्या झाल्या असत्या असं नाही सांगता येत, पण…"

"बरं करा म्हणत नव्हती ती. खरं आहे म्हणा, एवढंच म्हणत होती."

मुलगा हाताला काही लागल्यासारखे तळवे पँटला पुसत होता. त्या जेलपेक्षा मला त्याची जास्त किळस आली. बापाला पोटच्या पोराची किळस यावी, ह्याचीही आली.

"आजोबा, परत एकदा करू या," पोरगी हळू आवाजात म्हणाली. "नाक ओढा."

मी ओढलं. ह्या वेळी कसं ते सांगावं लागलं नाही.

"हां, आता कसं बरोबर आलं!" तिची नजर मशीनवर होती. "पडदा मस्त हलतोय तुमचा."

मुलाने कागदी रुमाल पुढे केला, माझ्या डोळ्यांपाशी. मी तो घेतला आणि पोट पुसलं.