घोडीबरोबर दिलेली झूल

रंग पार विटला असला, मित्रांनो, तरी मी अस्सल चिनी रेशमाची झूल आहे. डोळा लागला की अजून मला ते अथांग गवत दिसते आणि त्यातून दुडक्या चालीने येणारे घोडे.

माझ्या तरुणपणी भटके कझाक लोक हे घोडे चीनच्या सरहद्दीवर आणत आणि बदल्यात रेशीम नेत. बादशहाचे अंमलदार म्हणत, "नजराणा आला!" कझाक म्हणत, "सौदा झाला!" दोघेही आपापल्या जागी मिशीला पीळ देत. मी कशाला मध्ये तोंड घालू? मला देऊन एक तांबूस घोडा घेतला गेला. त्याच्या म्हाताऱ्या धन्याने मात्र घोड्याचे दावे सोडून आपल्या खांद्यावर टाकले. ते का, हे मला तेव्हा कळले नाही.

त्या म्हाताऱ्याच्या वंशातला एक जण पुढे मला घेऊन देशोधडीला लागला आणि काश्मीरच्या वाटेने भटकत भिंगारला आला. वरातीला घोडी देणाऱ्या सहादेवने त्याला आसरा दिला. निघताना त्याने मला सहादेवच्या हाती ठेवले. मग चांदणी घोडीच्या पाठीवर बसून मी किती नवरदेव मिरवले! लोक नवरदेवाआधी मलाच बघत.

बाहत्तरचा दुष्काळ आला. चांदणीच्या बरगड्या मला टोचू लागल्या. सहादेवची बायको लंकाबाई रोज माझ्याच टोकाने तिचे अंग पुसायची आणि रडायची. शेवटी सहादेवचा कोल्हारचा मित्र मच्छिंद्र घोडी न्यायला आला. तिकडे प्रवरेकाठी उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, चाऱ्याला अजून मिळत होते.

लंकाबाईने दावे सोडून घेतले. "दावं न्हाई देनार, भाऊजी. जनावर गेलं तरी दावं दारात ऱ्हावं. न्हाईतर लक्षुमी जाती."

"व्हय वैनी, रीतच हाय ती. पन ही झूल?"

"न्या तिच्यासंगं. लई सवय हाय तिला हिची."

तेव्हा कुठे मला तो म्हातारा कझाक उमगला, आणि माझा ऊर भरून आला.

कोल्हारला चांदणी वाढ्यांना तोंड लावीना. भिंगारच्या दिशेला मान वळवून नुसती उभी. आधीच हाडांचा सापळा झालेली ती, अशी किती तग धरणार? मी घाबरले. तिन्हीसांजेला मच्छिंद्रने मला काढून वाढ्यांवर पसरले. चांदणीने माझ्यात नाक खुपसले. माझ्यात लंकाबाईच्या हाताचा वास होता. तिने एक लांब श्वास घेतला, मला हळूच बाजूला सारले आणि ती खाऊ लागली.

मित्रांनो, जुने कापड फेकण्याआधी एकदा हुंगून बघा. कुणाची तरी माया त्यात मुरलेली असते, आणि कुणीतरी तिच्यावाचून उपाशी असते.