बारा वर्षांची शांतता

आसराबाईला राग आला की तो आधी पायांत उतरायचा. तोंड गप्प असायचं आणि पाय चपला शोधू लागायचे. चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू होतं, गुडघे करकरत होते, तरी त्या सकाळी तिचे पाय उंबऱ्याशी चपला चाचपू लागले तशी सून छकुली हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडून उठली.

"आत्याबाई, कुठं निघाल्या?"

"तू सांग आधी. पोराचं कार्ड कुठं हाय?"

घरात तासाभरापासून तोच शोध चालला होता. नातू गोरक्षनाथ फौजेत होता. सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी परतूरहून त्याची गाडी होती, आणि त्याचं ओळखपत्र अन् सुट्टीचा कागद असलेली कापडी पिशवी सापडत नव्हती. त्यानं ट्रंक उपसली, गाद्या झटकल्या, ज्वारीच्या कणगीतसुद्धा हात घालून पाहिला. छकुलीही त्याच्याबरोबर शोधत होती, आणि तिथंच म्हातारीनं ओळखलं. एरवी पोराचा पायमोजा हरवला तरी जीव खाली-वर करणारी बाई, आज कोरड्या डोळ्यांनी पाहिलेल्याच जागा पुन्हा पाहत होती.

छकुलीनं पदर तोंडाला लावला. "महाराजांपाशी हाय. नवग्रहाच्या शिळेखाली ठिवलंय."

"माय!" गोरख ओरडला.

"अकरा मेपर्यंत, बाबा! मंगळ अन् शनी एका राशीत आलेत. महाराजांनी पाडव्यालाच वाचलं, औंदा मंत्री मंगळ हाय, लढाई बिलकुल टळत न्हाई. अकरा मेला मंगळ निघाला की मंग खुशाल जा. सतरा दिवसांचा तर सवाल हाय."

"सतरा दिवस न्हाई गेलो तर मला पळपुटा म्हणतेत. नोकरी जाती, वरून कोठडी."

"कोठडीत जिता तरी राहशील!"

गोरख उपसलेले कपडे पुन्हा ट्रंकेत कोंबू लागला. त्याचा बाप राधाकिसन मेंढरं घेऊन चार दिवसांपासून रानात होता, तो असता तरी बायकोपुढं त्याचं काही चाललं नसतं. आसराबाईला सुनेवर ओरडायचं होतं, पण छकुलीचं ते तोंड तिनं फार पूर्वी पाहिलं होतं, दुसऱ्याच बाईच्या धडावर. तिनं चपला चढवल्या.

"भाकर जळून राह्यली तुझी," एवढंच म्हणाली आणि निघाली.

आष्टीच्या गल्लीतून मारुतीच्या देवळाकडं जाताना तिला वाट दिसत नव्हती, बासष्ट साल दिसत होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची. पौषाच्या अवसेला आठ ग्रह एका राशीत येणार, पृथ्वी बुडणार, राजे एकमेकांचे गळे कापणार, असं गावोगाव झालं होतं. लोकांनी पेरणीचं बी शिजवून खाल्लं. आताच्या रामप्रसाद महाराजाचा आजा कल्याणशास्त्री, त्यानं याच देवळापुढं होम मांडला आणि घरटी गाईचं तूप मागितलं. धनगराच्या घरात गाईचं तूप कुठून येणार? आसराच्या मायनं नवीकोरी घोंगडी देऊन गडूभर तूप आणलं. आसराच तो गडू घेऊन आली होती. "तिकडं लांब ठेव, पोरी," शास्त्री म्हणाला होता. तूप चाललं, पोर लांब.

तिचा थोरला भाऊ भागवत तेव्हा फौजेतून सुट्टीवर आला होता. बाप वारलेला, एकुलता एक मुलगा. मास्तरांनी त्याला अर्ज लिहून दिला होता, घरी कुणी कर्ता नाही, नाव कमी करावं म्हणून. फक्त त्याची सही राहिली होती. अवस गेली, काही बुडालं नाही. दुसऱ्या दिवशी माय देवळाच्या पायरीशी पदर पसरून उभी राहिली, आसराचा हात धरून...

देवळाच्या सभामंडपात गर्दी होती. रामप्रसाद महाराज गादीवर बसले होते आणि समोर तिकाटण्यावर मोबाईल लावलेला होता. मागच्या साली सीमेवर चकमकी झाल्या तेव्हापासून 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणत त्यांचं नाव पार जालन्यापर्यंत गेलं होतं. निवडणुकीत दोन विरोधी उमेदवारांना त्यांनी एकाच दिवशी विजयाचा नारळ दिला होता. जो पडला त्याचा रवी ऐनवेळी बिघडला.

"या आसराबाई. कुणीतरी आजींना सतरंजी द्या."

"बसायला न्हाई आले, महाराज. पोराचं कार्ड द्या."

महाराजांनी डोळे मिटून उघडले. "ते बंधनात आहे. मुदतीआधी काढलं तर उलटतं."

"कुणावर?"

"ज्याचं आहे त्याच्यावर."

मंडपात कुजबूज झाली. ती आसराबाईच्या पाठीला जाणवली. पुढं बसलेला कचरू शिंपी मायेनं म्हणाला, "आसरामाय, ऐक की जरा. ह्यांच्या घराण्याचा शब्द हाय. ह्यांच्या आज्यानं चीनची लढाई सांगितल्ती, त्यो बघ फोटू."

आसराबाईनं वर पाहिलं. त्या पौषानंतर तिनं या मंडपात कधी पाऊल टाकलं नव्हतं. भिंतीवर कल्याणशास्त्र्याची रंगवलेली तसबीर, हार घातलेली, आणि खाली ठळक अक्षरं. तिनं सावकाश वाचलं: 'बासष्टच्या युद्धाचं अचूक भाकीत करणारे ज्योतिषरत्न.'

तिचे पाय थांबले. राग आता वर चढला.

"कचऱ्या, तुझा जन्म कवाचा?"

"सदुसष्टचा."

"मंग तू गप बस. मी हुते इथं." तिनं पायरीकडं बोट केलं. "त्या पायरीपाशी माझी माय उभी हुती. इचारलं तिनं, शास्त्रीबुवा, माझ्या भागवतानं फौज सोडावी का? तर ह्यो फोटूतला माणूस काय बोलला? म्हणला, आपल्या होमानं ग्रह शांत झाले बाई, आता बारा वर्षं राजांच्या तलवारी म्यानात. खुशाल धाड पोराला. मायनं घरी जाऊन मास्तराचा अर्ज चुलीत घातला. त्याच्यावर भाजलेली भाकर मी खाल्ली. अन् दिवाळीच्या आठ दिवस आधी चीनच्या हद्दीला, नेफात लढाई सुरू झाली."

महाराजांनी हात पुढं करून मोबाईलचा पडदा झाकला.

"आजी, तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. लहान वयाच्या आठवणीत गडबड होते."

"लहान हुते म्हणूनच आठवतं. मोठी माणसं तर भेल्ती."

"मी समजू शकतो. हा राग तुमचा नाही. तुमच्या पत्रिकेत मंगळ—"

"माझा राग माझा हाय!" तिचा आवाज घुमटात आदळून परत आला. "चौसष्ट वर्षं मी सांभाळला. मंगळाला कशाला देऊ? तार आली परतूरच्या टेसनातून, बेपत्ता म्हणून. मेला म्हणून न्हाई, बेपत्ता. माय रोज दोन भाकरी जास्त करायची. बारा वर्षं, महाराज! बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची अन् मंग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, असं तुमचंच शास्तर. त्या पुतळ्याला दुधनेच्या काठावर मंतर म्हणायला कोण आल्तं? ह्योच. मायच्या डोळ्यात बघून म्हणला, 'प्रारब्ध!' म्यानातल्या तलवारी बराबर इसरला हुता."

बोलता बोलता ती चालत होती. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला पाट्याएवढी नवग्रहांची शिळा होती, शेंदूर आणि तेलानं काळी पडलेली. बाईनं तिला हात लावायचा नसतो हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. एक बाई "अगं अगं" म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी शिळेचा कोपरा उचलला. गुडघ्यातून कळ गेली. खालची पिशवी तिनं पायानंच ओढून घेतली आणि शिळा पुन्हा टेकवली. आपटली नाही. तिचं भांडण दगडाशी नव्हतं.

महाराज उभे राहिले होते. चेहरा पांढरा. "आता काही झालं तर मी जबाबदार नाही."

"त्येच तर!" तेलकट हात लुगड्याला पुसत ती म्हणाली. "तुमच्या घरात जबाबदार कुणीच नसतं. झाली लढाई तर तुम्ही सांगितल्ती. न्हाई झाली तर तुम्ही टाळली. मरणारं पोर तेवढं आमच्या घरातलं."

दुसऱ्या दिवशी परतूरच्या स्टेशनवर ऊन मी म्हणत होतं. गोरख वाकून पाया पडला. "आज्जी, महाराजाला लई बोललीस म्हणं."

"कमी बोलले. तुला जायचं हाय ना? का मी ओढून आणलंय म्हणून चाललास?"

"भ्या वाटतं," तो म्हणाला. "पण तिथं माझ्या जागी दुसरा उभा हाय, त्याला बी सुट्टीवर जायचंय."

गाडी हलली. छकुली डब्याबरोबर चार पावलं धावली, मग उभी राहिली. गाडीचं शेपूट दिसेनासं झालं तेव्हा तिनं सासूचा दंड पकडला.

"आत्याबाई, तुम्ही तरी सांगा. येईल ना माझं पोर?"

येईल की गं, काही होत नाही. शब्द तयार होते, अगदी जिभेवर. याच स्टेशनात, भागवताच्या गाडीमागं बघत, आपल्या मायनं नऊ वर्षांच्या पोरीला ते सांगितले होते.

"मला ठाऊक न्हाई," आसराबाई म्हणाली.

छकुलीनं दंड सोडला. एसटीत ती पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि आष्टीचा फाटा येईपर्यंत वळून पाहिलं नाही. फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाली, दातांवर दात ठेवून, "महाराजांनी निदान तारीख तरी दिल्ती."

आसराबाई सुनेच्या मागून घराकडं चालू लागली. आज चोवीस तारीख. उद्या पंचवीस, मग सोळा दिवस उरतील, त्यातला एक तर प्रवासातच जाईल... आणि ती रस्त्याच्या मधोमध थांबली. आपण अकरा मे मोजतोय! त्या माणसाच्या तोंडची तारीख, आपल्या डोक्यात, आपल्याच बोटांवर!

संतापानं तिनं मूठ आवळली, पण अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर जाऊन बसलाच होता.